तिसरा थेंब

फंगलिनच्या बागेत सकाळी तळ्याकाठी गेलात तर म्हातारे फरशीवर पाण्याने लिहिताना दिसतील. लांब काठीच्या टोकाला स्पंजाचा कुंचला, बाजूला पाण्याची बादली, आणि सगळे वाकून लिहितायत. दुसरी ओळ संपेपर्यंत पहिलीचं डोकं वाळायला लागतं. ऊन चढलं की फरशी कोरडी ठक्क. कुणाचं अक्षर मोत्यासारखं आणि कुणाचं कोंबडीच्या पायांचं, यावरचं भांडण मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत ओलं राहतं.

या पुरुषांच्या रांगेत बाई एकच, ल्वान फंगची. टॉवेलच्या गिरणीत उभा जन्म काढला, नवरा गेला, गिरणीतून निवृत्त झाली, आणि एके दिवशी जुना सोफा फाडून त्यातल्या स्पंजाचा कुंचला तासून बागेत हजर. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "काकू, बायका तिकडे पंखे घेऊन नाचतात. वाट चुकलात का?"

"नाचायला माझी ना नाही," ती म्हणाली. "तुम्ही पंखा धरा, मी येते."

त्यानंतर तिच्या वाटेला कुणी गेलं नाही. अपवाद एकच, थंग मास्तर.

थंग मास्तरांनी आयुष्यभर शाळेत अक्षरं शिकवली होती आणि निवृत्तीनंतरही चुकीचं अक्षर दिसलं की त्यांना चैन पडायची नाही. दुकानाच्या पाटीवर चूक दिसली तर आत जाऊन सांगायचे. फंगचीची तऱ्हा अशी, की ती बाकीच्यांसारखे जुने श्लोक लिहायचीच नाही. रोज सकाळी एकच नाव लिहायची, पुरुषभर मोठं: शिंगवान. शिंग म्हणजे जर्दाळू आणि वान म्हणजे नदीचं वळण. तिचं गाव. गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन जमाना झाला होता.

आणि हे नाव ती रोज चुकीचं लिहायची.

'वान' या चिनी अक्षराच्या डाव्या अंगाला एकाखाली एक असे तीन छोटे फटकारे असतात. हे पाण्याचे तीन थेंब. ते दिसले की समजावं, गोष्ट पाण्याची आहे. फंगची दोनच थेंब द्यायची. वरचा आणि खालचा. मधली जागा रिकामी.

"ल्वानबाई, एक थेंब राहिला," मास्तर म्हणायचे.

"राहू दे."

"अहो, अक्षर चुकतं."

"तुमचं चुकत असेल. मी माझं लिहितेय."

मास्तर मान हलवायचे, आपल्या कुंचल्याचं टोक हलकेच टेकवून मधला थेंब देऊन टाकायचे आणि समाधानाने आपल्या जागी परतायचे. फंगची बुटाच्या टोकाने तो थेंब पुसायची. हा दोघांचा नेम वर्षानुवर्षं चालला होता. बागेतले लोक त्यावर पैजा लावायचे, आज कोण आधी थकतं म्हणून. कुणीच थकलं नाही.

मास्तरांना कारण ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्याच महिन्यात तिने सांगून टाकलं होतं. शिंगवान नदीच्या ऐन वळणावर. कुठल्याशा पणज्या-खापरपणज्याच्या काळात नदी उंबऱ्यावर चढली आणि अर्धं गाव घेऊन गेली. उरलेल्यांनी ठरवलं, गावाच्या नावातलं पाणी कमी करायचं. दोन थेंब म्हणजे बर्फाची खूण. गोठलेलं पाणी जागचं हलत नाही, उंबरा चढत नाही. तेव्हापासून गावच्या वेशीवर, धान्याच्या पोत्यांवर, नवरीच्या पेटीवर, सगळीकडे दोनच थेंब. बाहेरगावचा गुरुजी शाळेत तीन थेंब घोटून घ्यायचा, म्हणून शिंगवानची पोरं शाळेत तीन लिहायची आणि घरी दोन. घरी चुकून तिसरा दिला तर पाठीत धपाटा.

"अंधश्रद्धा," मास्तर म्हणाले होते. "आणि दोन थेंब लिहूनसुद्धा गाव बुडालंच ना?"

फंगचीकडे उत्तर नव्हतं असं नाही, पण मास्तरांशी भांडायला अख्खी सकाळ लागते आणि तेवढ्यात नाव वाळून गेलं असतं.

तिचे वडील नावाडी होते. नदीच्या या तीरावरची माणसं त्या तीरावर. लिहायला फार येत नव्हतं, पण दर नववर्षाला वेशीवरचं नाव चुन्याने उजळायचं काम त्यांचं. एका बाकावर चढून ते आधी वरचा थेंब द्यायचे, मग खालचा, आणि मधली जागा सोडून फंगचीला विचारायचे, "इथे काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही कसं? इथे आपण आहोत."

मग धरणवाले आले. घरांच्या भिंतींवर लाल रेघा ओढून गेले, पाणी इथपर्यंत चढेल म्हणून. गावाच्या तोंडाशी एक पत्र्याची पाटी ठोकली, तिच्यावर गावाचं नाव. अगदी शुद्ध, तीन थेंबांचं. वडील विनंती करायला गेले. पाटीवाला तरुण कारकून हसला. "बाबा, शब्दकोश तुमच्या गावापेक्षा मोठा आहे." त्या दिवशी वडिलांनी नावेचं डांबर आणून मधला थेंब बुजवला. कारकुनाने पुन्हा रंगवला. वडिलांनी पुन्हा बुजवला. गाव उठेपर्यंत हा खेळ चालला आणि शेवटचा हात कारकुनाचा लागला, कारण वडील तेव्हा बैलगाडीत सामान चढवत होते.

नवी वसाहत माळावर होती. तिथे नाव वल्हवायला ओंजळभर पाणी नव्हतं. वडील दारात बसून राहिले आणि थोड्याच वर्षांत गेले. सामानाच्या पेटीत त्यांचा एक फोटो होता, तो वाटेतल्या पावसात भिजून कागदाचा लगदा झाला. फंगचीला वडिलांचे हात आठवायचे, पाठ आठवायची. तोंड आठवायचं नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. चाओतीलासुद्धा नाही.

हान चाओती तिची गाववाली. शेजारच्या अंगणातली. आता ती बागेच्या पलीकडच्या टोकाला लाउडस्पीकर लावून नाचणाऱ्या बायकांची म्होरकी होती आणि केस लालसर रंगवायची. तिला लिहायला-वाचायला यायचं नाही, पण फंगलिनमधली कुठलीही बातमी आधी तिच्याकडे यायची. शेवंतीच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात ती धापा टाकत तळ्याकाठी आली.

"फंगची! कुंचला ठेव! आपलं गाव आलंय!"

"कुठे आलंय? पाण्याखालून चालत?"

"चेष्टा नको करूस गं. मोठ्या शहरातून एक पोरगी आलीये, छ्याओ नावाची. ती काळ्या दगडाची फरशी बसवतेय जत्रेत. तिच्यावर पाण्याने बुडालेल्या गावाचं नाव लिहायचं. लिहिलं की समोरच्या पडद्यावर त्या गावाचे फोटो. धरणवाल्यांनी तेव्हा घरोघर काढलेले, आठवतात? आणि नाव वाळत जाईल तसे फोटो पुसट होत जाणार." तिने श्वास घेतला. "माझी आई असेल गं त्यात. तुझे बाबा असतील."

फंगचीने कुंचला पुन्हा बादलीत बुडवला. त्या दिवशी तिचं अक्षर वाकडं आलं.

जत्रेच्या दिवशी बाग शेवंतीने पिवळीजर्द झाली होती. काळी फरशी मधोमध, वर कापडी मांडव, समोर भिंतीएवढा पडदा. एकेक म्हातारा येऊन आपल्या गावाचं नाव लिहीत होता, पडद्यावर गल्ल्या उमटत होत्या, लोक ओरडत होते, "ती आमची विहीर! ते आमचं डुक्कर!" कुणी हसत होतं, कुणी बाही डोळ्यांना लावत होतं. बागेचा एक अधिकारी हातात माईक घेऊन प्रत्येक फोटोवर भाषण झोडत होता. छ्याओ ही गोड पोरगी होती, पायात कॅनव्हासचे बूट, प्रत्येकाला दोन्ही हातांनी कुंचला द्यायची.

फंगचीने स्वतःचाच कुंचला आणला होता. शिंगवानची निम्मी वसाहत तिच्यामागे गोळा झाली. तिने बादलीत कुंचला बुडवला, निथळवला आणि लिहिलं. शिंग. मग वान. वरचा थेंब, खालचा थेंब.

पडदा काळाच. मांडवातून एका मुलीचा मंजूळ आवाज आला, "अक्षर ओळखता आलं नाही. कृपया पुन्हा लिहा."

फंगचीने बाजूला पुन्हा लिहिलं. अधिक सावकाश, अधिक ठसठशीत.

"अक्षर ओळखता आलं नाही. कृपया पुन्हा लिहा."

गर्दीत खसखस पिकली. थंग मास्तर पुढेच उभे होते. त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता, आपल्या बाजूने शेवटी एक यंत्र उभं राहिलं म्हणून.

छ्याओ धावत आली. "आजी, एक थेंब राहिलाय. तेवढा दिलात की झालं."

"राहिलेला नाही. आमच्या गावात देत नाहीत."

"पण आजी, यंत्राला शब्दकोशातलीच अक्षरं कळतात. मी शिकवलं असतं त्याला, पण आता ऐनवेळी..." पोरगी खरोखर ओशाळली. "एकदाच द्या ना. फोटो बघून पुसून टाका. पाणीच तर आहे."

"पाणीच तर आहे," फंगची म्हणाली. "धरणवालेही तेच म्हणाले होते."

चाओतीने तिचा दंड धरला. "फंगची, माझं ऐक. एका थेंबाने काय गाव बुडतंय पुन्हा? बुडायचं ते बुडालं. मला आईला बघू दे गं."

फंगचीने कुंचला उचलला. तिला बघायचं होतं. वडिलांचं तोंड एकदा तरी बघायचं होतं. मधे एक बोटभर जागा, तिथे कुंचला नुसता टेकवायचा.

"मला कळत नाही असं वाटतं का तुला?" ती चाओतीला म्हणाली, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "थेंबाने गाव बुडत नाही. धरणाने बुडालं. घर घेताना आपल्याला विचारलं नाही, शेत घेताना विचारलं नाही. सगळं दिलं आपण. हे एवढं एक दिलेलं नाहीये. मी नाही द्यायची."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. ते टोमण्याने म्हणालं की कौतुकाने, ते म्हणणाऱ्यालाच ठाऊक.

चाओती वळली. "मास्तर, तुम्ही घाला तो थेंब. रोज फुकट घालता, आज कामाला येऊ दे."

मास्तरांना दोनदा सांगावं लागलं नाही. त्यांनी सवयीच्या हाताने कुंचल्याचं टोक टेकवलं. थेंब सुबक पडला, आणि पडदा उजळला.

शिंगवान. जर्दाळूची झाडं, ऐन फुलोऱ्यात. घाट. दारात उकिडवं बसून राळ्याची पेज भुरकणारी माणसं. भिंतीवरची लाल रेघ. गाववाले एकमेकांना चिमटे काढायला लागले. "तो आमचा थोरला! केवढे केस होते त्याला!" फोटोमागून फोटो येत होते. आणि मग वेस आली. वेशीखाली एक बाक, बाकावर चुन्याचं मडकं घेऊन एक माणूस. फोटोवाल्याने हाक मारली असावी, कारण त्याने मागे वळून पाहिलं होतं, थोडं वैतागून, काम अडवल्यासारखं. बसकं नाक, जाड भुवया, गालावर चुना उडालेला.

"तुझे बाबा," चाओती कुजबुजली. "फंगची, तुझे बाबा."

फंगची बघत राहिली. असं तोंड होतं तर. तिचंच नाक होतं ते. एवढी वर्षं रोज आरशात बघत होती आणि कळलं नव्हतं.

त्यांच्या डोक्यावर वेशीवर ताज्या चुन्याचं नाव होतं. वरचा थेंब, खालचा थेंब.

"अरे, तिथेही एक थेंब राहिलाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि सगळा मांडव हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. माईकवाल्या अधिकाऱ्याला मात्र बोलायला विषय मिळाला. "मंडळी, त्या काळी शिक्षण कमी होतं. आपल्या वाडवडिलांच्या चुका आपण पोटात घालायच्या. काळजी नको, या फोटोंचं पुस्तक निघणार आहे. त्यात आपण संगणकावर तो थेंब भरून घेऊ. आता काय, एका बोटाचं काम!"

शेवटचा हात पुन्हा कारकुनाचा.

फंगचीने कुंचला चाओतीच्या हातात दिला, काळ्या फरशीवर चढली आणि बुटाच्या टोकाने मधला थेंब पुसला. रोज पुसायची तसाच. एकदा घासला, मग दुसऱ्यांदा, खूण राहू नये म्हणून.

पडदा विझला. वेस गेली, बाक गेला, वडील गेले.

"अक्षर ओळखता आलं नाही," मंजूळ आवाज म्हणाला. "कृपया पुन्हा लिहा."

"मला येतं ओळखता," फंगची त्या आवाजाला म्हणाली. "तुझं तू बघ." मग तिने माईकवाल्याकडे पाहिलं. "आणि साहेब, माझ्या बापाच्या अक्षराला हात लावाल तर तुमच्या ऑफिसच्या दारात येऊन लिहीन. रोज. मला बादली आहे आणि वेळ आहे."

कुणी हसलं नाही. माईकमधून नुसता खरखराट आला. फरशीवर दोन थेंबांचं शिंगवान उन्हाच्या तिरिपीत कडेने वाळत होतं.

चाओतीचा मात्र बांध फुटला. "मेले! माझी आई यायची होती अजून! तुझा बाप बघून झाला आणि विझवलंस होय?"

हे खरं होतं, आणि ते फंगचीला लागलं. ती चाओतीचे हात धरायला गेली तर तिने झटकले.

"चाओती," ती म्हणाली, "तुझी आई दोन थेंबांच्या गावात नांदली. तीन थेंबांच्या गावात ती आपल्याला दिसेल, पण तिला आपण नाही ओळखू यायचो."

"तुझी वाक्यं तुझ्याजवळ ठेव," चाओती म्हणाली आणि लाल केस झटकत निघून गेली. छ्याओ मात्र बराच वेळ उकिडवी बसून त्या वाळत्या नावाकडे बघत होती. मग तिने बोटाने आपल्या तळहातावर ते अक्षर गिरवून पाहिलं. दोन थेंब देऊन ती थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फंगची नेहमीच्या जागी आली. थंग मास्तर आपली ओळ लिहीत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. तिने नाव लिहिलं, पुरुषभर मोठं, आणि काठीला टेकून उभी राहिली. एवढ्यात पलीकडचा लाउडस्पीकर मधेच बंद पडला आणि चाओती आली. तोंड फुगलेलंच. काही न बोलता ती नावाशेजारी उकिडवी बसली, बादलीत बोट बुडवलं आणि फरशीवर एक वाकडी रेघ ओढली.

"ही नदी," ती म्हणाली.

फंगची खाली बसली.

"हे आमचं घर." बोटाने एक ठिपका. "हे तुमचं. मधे जर्दाळू. तुमची कोंबडी आमच्याकडे अंडी घालायची आणि तुझी आई भांडायला यायची."

"तुझी आई अंडी द्यायची नाही म्हणून."

"द्यायची की. मोजून." चाओतीने आणखी एक ठिपका दिला. "इथे बसायची ती. पेजेचा वाडगा घेऊन. अशी." आणि ती स्वतःच तशी बसली, कोपर गुडघ्यावर, मान कलती. फंगचीने पाहिलं आणि तिला हसू आलं आणि डोळेही भरले. हुबेहूब हान काकूच.

नदीची रेघ एका टोकाने वाळत होती. चाओती बोट बुडवून ती पुन्हा ओली करत होती.

तेवढ्यात थंग मास्तर कुंचला घेऊन आले आणि नावासमोर थांबले. फंगची उठली. सवयीने एक बूट उचलून तयार ठेवला. मास्तर त्या मधल्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले. कुंचल्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं, ते त्यांनी बाजूला धरलं.

फेऱ्या मारणारा एक नवखा माणूस, हातात चहाचा थर्मास, चालता चालता थबकला. त्याने नाव वाचलं, मान वाकडी केली आणि भल्या मनाने म्हणाला, "आजी, तुमचा एक थेंब राहिला."

फंगचीने तोंड उघडलं, पण मास्तर तिच्याआधी बोलले. वर्गात दंगा करणाऱ्या पोराला दटावावं तशा आवाजात.

"राहिला नाही," ते म्हणाले. "बाहेर ठेवलाय."

फंगचीने उचललेला बूट खाली टेकवला.